टोपी, भिंत आणि तांब्या

घरातला स्टीलचा तांब्या घासूनपुसून टेबलावर ठेवा. शेजारी एक लिंबू ठेवा, मागे भिंत असू द्या. रात्रीची वेळ बरी. फोकस जमेपर्यंत एक दिवा चालू ठेवा आणि मग तोही बंद करा. कॅमेऱ्यावर फ्लॅश चढवून दीड-दोन मीटरवरून सरळ समोरून एक फोटो काढा. मग फ्लॅशच्या डोक्यावर बाजारात डिफ्यूझर म्हणून मिळणारी दुधी प्लास्टिकची टोपी बसवून दुसरा काढा. टोपी काढून फ्लॅशचं डोकं छताकडे वळवा आणि तिसरा काढा. आता तांब्या, लिंबू आणि कॅमेरा घेऊन गच्चीवर जा आणि पहिले दोन फोटो पुन्हा काढा: एक उघड्या फ्लॅशने, एक टोपी लावून. गच्चीवर छत नाही, जवळ भिंत नाही, वर फक्त काळं आकाश.

हे पाच फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले की फ्लॅशच्या डिफ्यूझरबद्दल जे कळतं, ते दहा पुस्तकं वाचून कळणार नाही. म्हणून या प्रकरणाची सुरुवात तांब्यापासून.

पहिल्या फोटोत तांब्याच्या पोटावर सुईने टोचल्यासारखा एक पांढराशुभ्र ठिपका दिसेल. तो ठिपका म्हणजे फ्लॅशचं प्रतिबिंब. लिंबाची सावली कात्रीने कापल्यासारखी असेल. छताकडे वळवलेल्या फ्लॅशच्या फोटोत तो ठिपका नाहीसा होऊन तांब्याच्या खांद्यावर एक रुंद, फिकट पट्टा पसरलेला दिसेल. तो पट्टा म्हणजे उजळलेलं छत. लिंबाची सावली आहे, पण तिची कड कुठे संपते हे बोट ठेवून सांगता येणार नाही.

खरी गंमत टोपीच्या फोटोत आहे. खोलीतल्या टोपीच्या फोटोत दोन गोष्टी एकदम दिसतात. पोटावर ठिपका आहेच, पहिल्यापेक्षा जरासा मोठा. आणि खांद्यावर तो छताचा पट्टाही आहे, थोडा मंद. म्हणजे टोपीने उजेड चहूकडे फेकला, त्यातला काही छताला आणि भिंतींना जाऊन धडकला, परत आला आणि सावल्या भरून गेला. गच्चीवरच्या टोपीच्या फोटोत मात्र पट्टा नाही. नुसता ठिपका आणि तीच कापल्यासारखी सावली. टोपी तीच, फ्लॅश तोच. गेलं ते फक्त छत.

मऊपणा टोपीने दिला नव्हता, खोलीने दिला होता.

उजेड मऊ की कडक हे ठरतं ते एका गोष्टीवरून: ज्याचा फोटो काढायचा आहे, त्याच्या जागेवरून पाहिलं तर उजेडाचा उगम किती मोठा दिसतो. सूर्याचा व्यास जवळपास १४ लाख किलोमीटर, पण तो १५ कोटी किलोमीटर लांब. आपल्या डोळ्यांना तो जेमतेम अर्धा अंश भरतो. हात लांब करून करंगळीच्या टोकाने झाकून टाकता येतो. म्हणून उन्हातल्या सावल्या धारदार. पावसाळ्यात ढग भरून आले की उगम सूर्य राहत नाही, सगळं आभाळच दिवा होतं आणि सावल्या विरघळतात. ढगांनी उजेडावर काही जादू केलेली नसते. त्यांनी छोट्या दिव्याचा मोठा दिवा केलेला असतो, इतकंच.

कॅमेऱ्यावर बसणाऱ्या नेहमीच्या फ्लॅशच्या डोक्याची काच सुमारे ७ सेंटिमीटर रुंद असते. दोन मीटरवरच्या माणसाला ती दोन अंशांची दिसते. हा माणूस भिंतीच्या अर्धा मीटर पुढे उभा असेल, तर त्याच्या सावलीची कड पावणेदोन सेंटिमीटरच पुसट होते. टोपी लावल्यावर उगम ७ चा साडेआठ सेंटिमीटर झाला असं धरू. कड होते दोन सेंटिमीटर. कुणाच्या लक्षातही येणार नाही. २० सेंटिमीटरचा छोटा सॉफ्टबॉक्स लावला तर ५ सेंटिमीटर, म्हणजे फरक दिसू लागतो. आणि छताचा दोन मीटर रुंद तुकडा उजळून तेवढ्याच अंतरावरून उजेड आला, तर कड अर्धा मीटर पसरते. तिला मग कड म्हणण्यातही अर्थ नाही.

सावलीइतकंच महत्त्व चमकेला आहे. कोकणातलं मे महिन्यातलं लग्न डोळ्यांसमोर आणा. नवरीच्या कपाळावर घाम, नाकात मोत्यांची नथ, अंगावर पैठणी. उघड्या फ्लॅशने कपाळावर तेलकट पांढरा डाग पडतो, कारण ओलसर त्वचा आरशासारखी वागते आणि छोट्या दिव्याचं छोटं, जळजळीत प्रतिबिंब दाखवते. नथीच्या प्रत्येक मोत्यावर एकेक टाचणी टोचल्यासारखी दिसते, मोत्याचा जो खोल, दुधाळ रंग असतो तो पार जातो. पैठणीची जर ठिपक्याठिपक्यांनी पेटते आणि पदरावरचा मोर हरवतो. तेच फ्लॅशचं डोकं बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवा. मोत्यावर ठिपक्याऐवजी एक मंद पट्टी येते आणि मोती गोल दिसू लागतो. जरीच्या धाग्यांवरून उजेड पाण्यासारखा सरकतो. नथ आणि जर आपल्याकडच्या लग्नाच्या फोटोतल्या सर्वांत अवघड गोष्टी आहेत. त्या जमल्या की चेहरा जमतोच.

कडक उजेडाचा हा प्रश्न जुना आहे. १८८७ साली जर्मनीत आडोल्फ मीटे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमची भुकटी आणि पोटॅशियम क्लोरेट यांचं मिश्रण करून पेटती झगमग तयार केली आणि अंधाऱ्या जागी फोटो निघू लागले. न्यू यॉर्कच्या गरीब वस्त्यांतली कोंदट घरं जेकब रीस यांनी अशाच भुकटीच्या उजेडात जगाला दाखवली. १८९० साली त्यांचं पुस्तक आलं. १९२९ च्या सुमारास काचेच्या बंद गोळ्यातले फ्लॅशबल्ब आले आणि धूर संपला. त्या काळच्या वृत्तपत्र-छायाचित्रकारांच्या फ्लॅशमागची चकचकीत वाटी पाच ते सात इंच व्यासाची असे, म्हणजे आजच्या फ्लॅशच्या काचेहून चांगलीच मोठी. फ्लॅशवर रुमाल टाकण्याची त्यांची युक्ती आजही काही जुने फोटोग्राफर सांगतात. रुमालाने उजेड कमी होतो, जवळचा चेहरा पांढराफटक पडत नाही, हे खरं. पण सावली तेवढीच कडक राहते, कारण रुमालाने उगमाचा आकार वाढत नाही. उजेड मंद होणं आणि उजेड मऊ होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि डिफ्यूझर विकणारे आणि घेणारे, दोघंही त्यांची गल्लत करतात.

फ्लॅशच्या डोक्यातून जी पारदर्शक पट्टी ओढून समोर पाडता येते, तिच्याबाबत तर ही गल्लत सर्रास होते. ती पट्टी डिफ्यूझर नव्हे. रुंद लेन्स लावली की फोटोचे कोपरे अंधारे राहू नयेत म्हणून ती उजेड बाजूला पसरवते, एवढंच तिचं काम. तिच्याबरोबर निघणारं पांढरं छोटं कार्ड मात्र उपयोगाचं आहे. त्याच्याकडे नंतर येतो.

टोपीबाबत माझा स्वतःचा एक धडा आहे. नात्यातल्या एका मुलीचा साखरपुडा होता. संध्याकाळचा, उघड्या लॉनवर. मी नेहमीच्या सवयीने टोपी लावून गेलो. आठ-दहा मीटरवरून काढलेले व्यासपीठाचे सगळे फोटो काळपट आले आणि अर्ध्या कार्यक्रमात बॅटऱ्या संपल्या. घरी येऊन हिशोब मांडला तेव्हा कारण कळलं. माझ्या फ्लॅशची पोच सांगणारा गाइड नंबर ३५ मिलिमीटर झूमला आयएसओ १०० वर ३६. आयएसओ ४०० केला की तो ७२ होतो. त्याला एफ ५.६ ने भागलं की जवळपास १३ मीटर. एवढ्या लांबपर्यंत उघडा फ्लॅश पोचला असता. टोपीने सुमारे दोन स्टॉप उजेड खाल्ला, म्हणजे पोच निम्मी झाली: साडेसहा मीटर. उरलेला उजेड झाडांत आणि आभाळात गेला. त्या आभाळातून काहीही परत येणार नव्हतं. मुलीच्या आईला ते फोटो देताना मला वाईट वाटलं. ते क्षण पुन्हा येणार नव्हते.

तेव्हापासून एक नियम पाळतो. उघड्यावर टोपी काढायची. लॉनवर, देवळाच्या प्रांगणात, मैदानात फ्लॅश सरळ वापरायचा, पण मुख्य दिवा म्हणून नाही. भोवतालच्या उजेडाला हातभार म्हणून, एक ते दोन स्टॉप खाली. शटर १/६० वर आणायचं आणि आयएसओ वाढवायचा, म्हणजे मागची रोषणाई काळोखात बुडत नाही. मोठ्या गटाचा फोटो असेल तर दोन पावलं मागे सरायचं. पहिली रांग २ मीटरवर आणि शेवटची ४ मीटरवर असेल तर शेवटच्या रांगेला पहिल्याच्या चौथा हिस्साच उजेड मिळतो. तुम्ही मागे सरून हीच अंतरं ४ आणि ६ मीटर केलीत, तर तिला जवळजवळ निम्मा मिळतो. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात उजेड घटतो, हे केप्लरने १६०४ साली मांडलं होतं; मागच्या रांगेतल्या काका-मामांचे चेहरे काळवंडतात ते यामुळेच.

आता घरात या. आपल्या फ्लॅटमधलं छत साधारण नऊ-दहा फुटांवर असतं आणि बहुधा पांढरं असतं. जगातला सर्वांत चांगला डिफ्यूझर तुमच्या डोक्यावर आहे आणि त्याचे पैसे तुम्ही घर घेताना दिलेले आहेत.

छताकडे फ्लॅश वळवताना नवशिके दोन चुका करतात. एक म्हणजे डोकं सरळ वर करतात. मग उजेड माथ्यावरून पडतो आणि डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो. भुवया पुढे आलेल्या माणसाचे तर डोळेच दिसत नाहीत. दुसरी म्हणजे पंचेचाळीस अंशांत पुढे झुकवतात आणि माणूस जवळ असेल तर फ्लॅशचा काही उजेड थेट त्याच्या कपाळावर पडतो. म्हणजे मऊ उजेडात पुन्हा तो कडक ठिपका मिसळतो. मी फ्लॅशचं डोकं बहुतेक वेळा माझ्याच खांद्यामागे, वर आणि एका बाजूला वळवतो. समोरच्या माणसाच्या डावीकडे खिडकी असेल तर त्याच बाजूला, म्हणजे फ्लॅशचा उजेड खिडकीतून आल्यासारखा वाटतो. माझ्या मागची भिंत आणि छत यांचा कोपरा उजळतो आणि तिथून उजेडाची एक मोठी चादर समोरच्यावर उतरते. चेहऱ्याची एक बाजू उजळ, दुसरी किंचित सावलीत. नाकाला उंची येते, गालाला गोलाई येते. सरळ समोरून मारलेला उजेड, मग तो कितीही मऊ असो, चेहरा पोळीसारखा सपाट करतो. लेन्सच्या वर वीतभर अंतरावर बसणारा कोणताही डिफ्यूझर उजेडाची दिशा बदलू शकत नाही. भिंत बदलते.

यासाठी फ्लॅश घेतानाच एक गोष्ट पाहा: त्याचं डोकं दोन्ही बाजूंना पूर्ण मागे फिरतं का. काही स्वस्त फ्लॅश एकाच बाजूला वळतात, आणि उभा फोटो घेताना कॅमेरा फिरवून धरला की मग हवी ती भिंत मिळत नाही. टीटीएल आहे का, तेही पाहा. लेन्समधून परतणारा उजेड मोजून कॅमेराच फ्लॅशची ताकद ठरवतो, त्यामुळे भिंतीने किती खाल्लं याचा हिशोब तुम्हाला करावा लागत नाही. मात्र पांढरा सदरा किंवा मोगऱ्याच्या गजऱ्यांनी भरलेली चौकट असेल तर टीटीएल फसतो आणि फोटो काळपट करतो. अशा वेळी फ्लॅशची भर एक स्टॉपने वाढवावी. काळ्या चंद्रकळेला उलट, जरा कमी.

छताकडे जाऊन परत येताना उजेडाला लांबचा रस्ता पडतो आणि बराचसा वाटेत पसरतो. घरातल्या खोलीत दोन-तीन स्टॉप सहज जातात. म्हणून आयएसओ ८०० किंवा १६०० आणि एफ ४ असं धरून चालावं. आजच्या कॅमेऱ्यांना त्याचं काही वाटत नाही. मंगल कार्यालयात मात्र छत वीस फुटांवर असतं. तीन मीटरवरच्या नवरदेवापर्यंत पोचायला उजेडाला नऊ मीटरहून जास्त चालावं लागतं. नुसत्या अंतरानेच तो दहाव्या हिश्श्यावर येतो, वर छताची आणि पसरण्याची घट वेगळी. तिथे छताचा नाद सोडून जवळची भिंत, खांब, पांढरा पडदा शोधावा. काहीच नसेल तर शेजारी उभ्या असलेल्या पाहुण्याचा पांढरा सदरासुद्धा चालतो. मी चालवला आहे.

भिंतीचा रंग फोटोत उतरतो, हे विसरून चालत नाही. आपल्याकडे हॉलला पोपटी, बेडरूमला गुलाबी, देवघराला पिवळा अशी रंगांची हौस असते. पोपटी भिंतीवरून आलेला उजेड गोऱ्या चेहऱ्याला आजारी करतो. मांडवाचं लाल-पिवळं कापड त्याहून वाईट, कारण त्याचा रंग जागोजागी वेगळा. जुन्या वाड्यातलं लाकडी तक्तपोशीचं छत उजेड गिळून टाकतं आणि जे थोडं परत देतं ते तपकिरी. अशा ठिकाणी फोटो रॉ मध्ये घ्यावेत, म्हणजे नंतर रंग सुधारता येतो; पण दोन वेगळ्या रंगांच्या भिंतींचा उजेड एकाच चेहऱ्यावर मिसळला असेल तर संगणकही हात टेकतो. तेव्हा स्वतःचा पांढरा पृष्ठभाग सोबत नेणं आलं. डिफ्यूझर खरेदी करण्याचं खरं कारण इथे सुरू होतं.

पण खरेदीआधी ते छोटं पांढरं कार्ड. छताकडे वळवलेल्या फ्लॅशमागे ते उभं केलं की उजेडाचा एक लहानसा हिस्सा समोर येतो आणि डोळ्यांत चमक येते. डोळ्यांतली ही चमक म्हणजे पुन्हा आपला तांब्याच: बुबुळात उगमाचं प्रतिबिंब पडतं. कुणाचाही फोटो मोठा करून त्याच्या डोळ्यांत बघा, उजेड कुठून आणि केवढ्या दिव्यातून आला ते कळेल. कार्ड लहान वाटत असेल तर स्टेशनरीच्या दुकानातली पांढरी क्राफ्ट फोमची शीट घ्या, साधारण १५ बाय २० सेंटिमीटरचा तुकडा कापा आणि केसांच्या रबरबँडने फ्लॅशच्या मागे बांधा. घाईत मी लग्नपत्रिकेची कोरी पाठही वापरली आहे.

त्याच दुकानातून काळ्या फोमचीही एक शीट घ्यावी. अमेरिकेतले विवाह-छायाचित्रकार नील व्हॅन नीकर्क यांनी 'ब्लॅक फोमी थिंग' या नावाने ही युक्ती लोकप्रिय केली. काळ्या फोमचा अर्धा नळा करून तो फ्लॅशच्या डोक्याभोवती अशा बाजूने बांधायचा, की फ्लॅशचा उजेड समोरच्या माणसावर थेट पडणार नाही. भिंतीवर मात्र पूर्ण जाईल. आपल्याकडे सिनेमाच्या सेटवर उजेड अडवायला काळे कटर लावतात, तेच काम हे छोट्या प्रमाणात करतं. फ्लॅश बाजूला वळवून मारताना बाजूला बसलेल्या आजोबांच्या डोळ्यांवर झगमग येऊ नये, यासाठीही त्याचा उपयोग होतो. माझ्या बॅगेत टोपी नसली तरी चालते, काळा फोम हवाच.

बाजारातल्या नावांविषयी थोडक्यात. स्टो-फेनची ऑम्नी-बाउन्स ही टोपी आणि गॅरी फाँग यांचा लाइटस्फिअर हा घुमट, या दोन वस्तूंच्या असंख्य नकला मिळतात. दोन्हींचं तत्त्व एकच: उजेड चहूकडे फेकणं. घुमट टोपीपेक्षा मोठा असल्यामुळे जवळून थोडा मऊ, पण त्याचाही खरा आधार छत आणि भिंतीच. कमी उंचीच्या पांढऱ्या खोलीत, जिथे तुम्हाला सतत वळत, माणसांमागे धावत फोटो काढायचे आहेत आणि प्रत्येक वेळी भिंत शोधायला सवड नाही, तिथे घुमट चांगलं काम करतो. बारशाच्या घरात, गौरी-गणपतीच्या आरतीत मी तो खुशाल लावतो. तारेचा आधार असलेलं, हवं तसं वाकवता येणारं कापडी पातं, म्हणजे रोगचा फ्लॅशबेंडर किंवा त्याच्यासारखं, मला सर्वांत आवडतं. ते उगम खरोखर मोठा करतं, उजेड समोर पाठवतं आणि घडी करून बॅगेत राहतं. मॅगमॉडच्या वस्तू चुंबकाने पटकन बसतात, हा त्यांचा फायदा. किंमत जास्त आहे.

कॅमेऱ्यावर बसणारे छोटे सॉफ्टबॉक्स १५ ते २० सेंटिमीटरचे असतात. त्यांचा फायदा मीटरभर अंतरात. दोन माणसं गप्पा मारत बसली आहेत, तुम्ही समोर आहात, मागे काळोख आहे, भिंत नाही: इथे सॉफ्टबॉक्स टोपीपेक्षा कितीतरी सरस. तीन मीटर मागे गेलात की तो पुन्हा ठिपका होतो. सॉफ्टबॉक्स घेताना तो उघडून आत पाहा. फ्लॅशच्या तोंडासमोर आणखी एक आतला पडदा किंवा चमकता पत्रा असेल तर समोरचं कापड सगळीकडून सारखं उजळतं. नसेल तर मधोमध एक गरम ठिपका राहतो आणि २० सेंटिमीटरचे पैसे देऊन ८ सेंटिमीटरचा उजेड मिळतो. दुकानातच कापडाचा कमी एक्स्पोजरचा फोटो काढून हे तपासता येतं. फ्लॅशचं झूम २४ मिलिमीटरवर ठेवा, म्हणजे कापड भरतं. भिंतीवरून बाउन्स करताना उलट, ५० किंवा ८० वर न्या, म्हणजे उजेड वाटेत विखुरत नाही.

मोबाइलच्या बारीकशा फ्लॅशवर कागद धरून काही साधत नाही. त्यापेक्षा दुसऱ्याच्या मोबाइलचा टॉर्च पेटवून पांढऱ्या भिंतीवर पाडायला सांगा.

आतापर्यंत वाचून असं वाटेल की फ्लॅशवर काही लावण्यात फारसा अर्थ नाही. एका ठिकाणी मात्र डिफ्यूझरला पर्याय नाही, आणि त्या ठिकाणी तो जवळजवळ फुकट बनतो. ते ठिकाण म्हणजे मॅक्रो.

१०० मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्सने जीव प्रत्यक्ष आकाराएवढा टिपायचा तर लेन्सच्या टोकापासून तो १४-१५ सेंटिमीटरवर येतो. आता १५ सेंटिमीटर रुंदीचा डिफ्यूझर लेन्सच्या टोकाशी आणून धरला, तर त्या जिवाला तो पन्नास अंशांहून मोठा दिसतो. दोन मीटरवरच्या माणसाला दोन अंशांचा दिसणारा तोच फ्लॅश मुंगीसाठी भरून आलेलं आभाळ होतो. गणित तेच आहे, फक्त अंतर बदललं.

आंबोलीला जुलैत गेलात तर रात्री पावसात टॉर्च आणि छत्र्या घेऊन फिरणारी माणसं दिसतील, आणि त्यांच्या कॅमेऱ्यांवर घरी बनवलेले चित्रविचित्र डबे. चिप्सच्या उभ्या डब्याचा नळा, आतून चांदीचा कागद, तोंडाशी ट्रेसिंग पेपरचे दोन पडदे. या दोन पडद्यांत दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा ठेवणं ही त्यातली मेख आहे: पहिला पडदा उजेड पसरवतो, दुसरा तो सगळीकडे सारखा करतो. पडदे एकमेकांना चिकटले तर दोन स्टॉप उजेड जातो आणि पदरी काही पडत नाही. वर पातळ पिशवी चढवली की पावसाची चिंता नाही.

बेडकाची कातडी ओली असते, म्हणजे ती आपल्या तांब्याहून कडक परीक्षक. उघड्या फ्लॅशने तिच्या प्रत्येक उंचवट्यावर एक पांढरा चौकोन उमटतो आणि खालचा रंग दिसत नाही. डोळ्यात तर फ्लॅशची काच जशीच्या तशी चौकोनी दिसते. डब्याचा डिफ्यूझर लावला की चौकोनाच्या जागी एक फिकट गोलाई येते आणि तिच्याखाली बुबुळातल्या सोनेरी रेघा मोजता येतात. एफ ११ किंवा १६ वर भोवतालचा उजेड फोटोत येतच नाही, सगळा फोटो फ्लॅशच काढतो. डिफ्यूझर जवळ असल्यामुळे त्याला फार ताकद लागत नाही, आणि कमी ताकदीचा फ्लॅश सेकंदाच्या दहा हजाराव्या हिश्श्याच्या आसपास चमकून विझतो. त्यामुळे हात हलला तरी फोटो हलत नाही.

२००९ साली शास्त्रीय नाव मिळालेला आंबोली टोड याच गावाच्या आसपासच्या जांभ्याच्या सड्यांवर राहतो आणि आज तो अतिसंकटग्रस्त आहे. पाऊस हाच त्याचा विणीचा हंगाम, म्हणजे आपली फोटोची आणि त्याच्या जोडी जमवण्याची रात्र एकच. म्हणून डिफ्यूझर घरी तांब्यावर पारखून न्या, तिथे प्रयोग करत बसू नका. एका जिवावर दोन-तीन फ्लॅश पुरेत. त्याला उचलू नका, पानावर आणून बसवू नका. तीन फोटो झाले की टॉर्च खाली वळवा आणि पाय पाहून टाकत मागे फिरा. सड्यावर अंधारात पायाखाली दुसरा बसलेला असतो.